मशीननं नाक मोजलं, आता काय करू?

पत्र: ताई, मी दापोली तालुक्यातली. वय २६, एका पतसंस्थेत कामाला आहे. तुळशीच्या लग्नानंतर माझा साखरपुडा ठरतोय, मुलगा ठाण्याला असतो. माझं नाक लहानपणापासून बसकं आणि पसरट. आधीची दोन स्थळं त्यावरूनच मोडली असं घरात बोलतात. मामी तर चारचौघांत 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' म्हणून मोकळी होते. गेल्या महिन्यात मावसबहिणीबरोबर मुंबईला एका सौंदर्य क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या बाईंनी टॅबवर फोटो काढला आणि दोन मिनिटांत रिपोर्ट हातात दिला. १०० पैकी ६४ गुण. नाक ४ मिलिमीटर जास्त रुंद, हनुवटी मागे, चेहऱ्याचा खालचा भाग लांब. नाकात आणि हनुवटीत फिलर (कातडीखाली भरायचं इंजेक्शन) घ्या, पुढे नाकपुड्या कमी करून घ्या, असं सुचवलंय. मी विचारलं, हे गोऱ्या लोकांचं माप असेल ना? तर त्या म्हणाल्या, नाही, आमच्याकडे प्रत्येक वंशाची वेगळी मापं आहेत, तुम्हाला दक्षिण आशियाई स्त्रियांच्या मापानंच मोजलंय. म्हणजे आपल्याच लोकांच्या मापानं मी कमी भरले. मग ते खरं मानायचं ना? आई म्हणते, दागिन्यांतलं थोडं कमी करू, पण करून घे. मुलाकडच्यांनी काही म्हटलेलं नाही. रिपोर्ट आल्यापासून मी सारखी मोबाइलमध्ये नाक बघत असते. साखरपुड्याआधी करून घेऊ का?

उत्तर:

साखरपुड्याआधी काहीही करू नकोस. नाकात फिलर तर साखरपुडा झाल्यावरही घेऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल.

तुझ्या पत्रातला मधला प्रश्न मला फार मोलाचा वाटला. परदेशी माप नको, हे आता पुष्कळांना कळतं. पण माप 'आपल्या लोकांचं' आहे म्हटलं की आपण मान खाली घालतो. तू निदान विचारलंस तरी. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते.

पहिल्यांदा तो फोटो. टॅब तुझ्या चेहऱ्यापासून किती लांब होता ते आठव. कॅमेरा जवळ आला की जे सगळ्यात पुढे असतं ते सगळ्यात मोठं दिसतं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाक असतं. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचा हिशोब मांडून दाखवला: साधारण १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. ३५ मिलिमीटरचं नाक धरलं तर हा फरक १० मिलिमीटरच्या घरात जातो. टॅब दोन फुटांवर असेल तर फरक कमी होईल, पण नाहीसा होणार नाही. तुझ्या रिपोर्टातले ते ४ मिलिमीटर या एकाच कारणानं आलेले असू शकतात.

शिवाय फोटोत मिलिमीटर नसतातच. ते काढायला सॉफ्टवेअरला एखादी पट्टी लागते. काही सॉफ्टवेअर डोळ्याच्या बुबुळाची रुंदी पट्टी म्हणून धरतात, कारण ती बहुतेक माणसांत पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास असते. पण बुबुळ नाकाच्या मागे आहे. मागच्या वस्तूची पट्टी पुढच्या वस्तूला लावली की पुढची वस्तू मोठीच भरणार. आणि रोज मोबाइल हातात धरून तू जे नाक बघतेस, तेही हातभर अंतरावरचं आहे. समोर बसलेला माणूस तुला तसं बघत नाही.

माझ्याकडे कुणी नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी येतं तेव्हा मी स्टीलच्या सरकत्या कॅलिपरनं मोजते. पेशंटला ताठ बसवायचं, नजर समोरच्या भिंतीवर, ओठ मिटलेले, चेहरा सैल. कॅलिपरची टोकं दोन्ही नाकपुड्यांच्या सगळ्यात बाहेरच्या बिंदूंना नुसती टेकली पाहिजेत. जरा दाबली की कातडी आत जाते आणि माप कमी येतं. तेवढ्यात पेशंटला हसू फुटलं, की नाकपुड्या बाजूला सरकतात आणि तेच नाक काही मिलिमीटर रुंद होतं. उंची मोजायची तर दोन भुवयांच्या मधला हाडाचा खळगा बोटानं चाचपून शोधावा लागतो, आणि चांगले अनुभवी हातसुद्धा तो एक-दोन मिलिमीटर वर-खाली धरतात. म्हणून प्रत्येक माप परत परत घेऊन मगच लिहायचं असतं. एवढं करूनही ४ मिलिमीटरच्या आकड्याबद्दल मी जपून बोलेन. दोन मिनिटांत एका फोटोवरून तो छातीठोकपणे सांगितला जावा, हे मला बरोबर वाटत नाही.

आता माप कुणाचं, हे बघू. चेहऱ्याचे तीन सारखे भाग, नाकाची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, तोंड नाकाच्या दीडपट, हे नियम मुळात युरोपातल्या चित्रकारांचे. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं शरीराच्या प्रमाणांवरचं लेखन १५२८ साली छापलं गेलं. कागदावर माणूस नीट उतरावा म्हणून ही मापं होती. पुढे ती शल्यविशारदांच्या हाती आली आणि चित्राचा नियम जिवंत चेहऱ्याला लागू झाला. टोरांटोच्या लेस्ली फार्कस यांनी आयुष्यभर चेहरे मोजले. १९८५ साली त्यांनी हे जुने नियम उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण-तरुणींवर तपासले, तर तिथेच ते कितीतरी जणांना लागू पडेनात. तुझ्या चेहऱ्याचा 'खालचा भाग लांब' आहे, हे वाक्य याच तीन सारख्या भागांच्या नियमातून आलेलं दिसतं.

२००५ साली फार्कस आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी २५ देशांतल्या १८ ते ३० वयाच्या १४७० निरोगी माणसांची १४ मापं प्रसिद्ध केली. भारत त्यात होता. आशियाई आणि आफ्रिकी गटांत नाकाची रुंदी गोऱ्या अमेरिकनांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. हे काम मोठं आहे आणि त्याचा हेतू चांगला होता. जन्मजात व्यंग असलेलं मूल किंवा अपघातात चेहरा चेपलेला माणूस समोर आला, तर त्याला त्याच्या लोकांसारखा चेहरा परत देता यावा, सगळ्यांना एकाच गोऱ्या साच्यात घालू नये, यासाठी डॉक्टरांना हे आकडे हवेच होते. दुभंगलेला ओठ शिवताना, मोडलेला जबडा जुळवताना, दातांच्या तारांचं नियोजन करताना आजही अशी मापं रोज उपयोगी पडतात. मापांवर माझा राग नाही.

पण भागाकार करून बघ. १४७० माणसं, २५ देश: एका देशाच्या वाट्याला साधारण ६० माणसं. त्यानंतर आपल्याकडेही निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांची मापं घेतली गेली, तरी 'दक्षिण आशियाई स्त्री' या एका रकान्यात काश्मीर ते श्रीलंका सगळं कोंबणं मला पटत नाही. काश्मीर कशाला, आपला किनाराच बघ. जंजिऱ्याच्या परिसरात सिद्दी आहेत, अलिबागकडे बेने इस्रायल, कोर्लईला पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलणारी ख्रिस्ती वस्ती, खाड्यांच्या काठानं कोकणी मुसलमान, डोंगरपट्टीत कातकरी, आणि बाकी आपण सगळे. एखाद्या संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव सुरू असताना पाच मिनिटं उभी राहा आणि माशांऐवजी माणसांची नाकं बघ. एकाच घरातल्या दोन बहिणींची नाकं वेगळी दिसतील. या सगळ्यांचं मिळून एक आदर्श माप कुठून काढायचं?

बरं, समजा आकडे अगदी नीट गोळा केले, फक्त दापोली तालुक्यातल्या तुझ्या वयाच्या मुलींचे. तरी हातात काय येईल? सरासरी. गावातल्या सगळ्या बायकांच्या पायांची सरासरी काढून त्या एका मापाची चप्पल प्रत्येकीला दिली, तर बहुतेकींना ती बसणार नाही, आणि दोष पायांचा नसेल. सरासरी हे गटाचं वर्णन आहे. प्रत्येकीनं तिथे पोचावं असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. म्हणून कुठल्याही प्रामाणिक तक्त्यात सरासरीशेजारी दुसरा आकडा असतो, माणसं तिच्या दोन्ही बाजूंना किती पसरलेली आहेत ते सांगणारा. पुस्तकी भाषेत प्रमाण विचलन. उदाहरणासाठी धर, सरासरी ३५ आणि हा पसारा अडीच मिलिमीटरचा. मग निरोगी बायकांपैकी साधारण दोन तृतीयांश साडेबत्तीस ते साडेसदतीसच्या आत येतात आणि शंभरातल्या पंच्याण्णव ३० ते ४० च्या आत. म्हणजे तू खरोखरच ४ मिलिमीटरनं जास्त असलीस, तरी निरोगी चेहऱ्यांच्या आतच आहेस. तुझ्या रिपोर्टात हा दुसरा आकडा आहे का ते बघ. तू लिहिलंयस त्यावरून तरी दिसत नाही. तो नसेल तर 'जास्त रुंद' हे शब्द लिहायचा त्या कागदाला अधिकार नाही.

आणि ते ६४ गुण. असे गुण पुष्कळदा १.६१८ या 'सुवर्ण गुणोत्तरा'वरून काढतात. अमेरिकेतल्या स्टीफन मार्क्वार्ट यांनी त्यावरून सुंदर चेहऱ्याचा एक मुखवटाच आखला आणि तो सगळ्या वंशांना चालतो असं सांगितलं. २००८ साली तो तपासला गेला तेव्हा तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या, किंचित पुरुषी ठेवणीच्या फॅशन मॉडेलांच्या चेहऱ्यावर बसतो, असं दिसलं. रिपोर्टावर 'दक्षिण आशियाई' छापलेलं असलं तरी गुण कशाच्या जोरावर दिले, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

इथे थोडं विषयांतर करते, कारण नाकं मोजण्याच्या आपल्याकडच्या इतिहासातली काही माणसं तुझ्याच कोकणाशी नातं असलेली आहेत. आपली नाकं काही पहिल्यांदा मोजली जात नाहीयेत. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख असलेला इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर असा आकडा काढायचा आणि सांगायचा की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. हे सरकारी शास्त्र म्हणून छापलं गेलं. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली अशीच मापं पुन्हा तपासली आणि दाखवून दिलं की उत्तर हिंदुस्थानाचा पट्टा सोडला तर जातीची उतरंड आणि नाकाची रुंदी यांचा मेळ बसत नाही. ज्यांचं मूळ गाव तुझ्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली हीच नाकाची मापं पुढे ठेवून मांडलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य ठरवलेले लोक वेगळ्या वंशाचे नाहीतच. आणि इरावती कर्वे, दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांची सून. त्या बर्लिनला कवट्यांच्या दोन बाजूंमधल्या फरकावर संशोधन करायला गेल्या. वंशावंशांत तो फरक वेगळा निघेल अशी त्यांच्या मार्गदर्शकाची अपेक्षा होती. त्यांनी कवट्या मोजल्या, तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. जर्मनीत, त्या काळात, परदेशी विद्यार्थिनी असून. मला त्या बाईंचा फार आदर वाटतो. त्या संशोधनाचा विषयच तुझ्या कामाचा आहे: निरोगी माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, कुणाच्याच नाहीत. उद्या एखाद्या क्लिनिकनं 'तुमचा डावा गाल उजव्यापेक्षा कमी' असं सांगितलं तर हे लक्षात असू दे.

रुंद नाक म्हणजे काहीतरी कमी, ही समजूत घरात मामीच्या तोंडून आली आणि क्लिनिकमध्ये टॅबवरून आली. पहिलीला म्हण म्हणतात, दुसरीला रिपोर्ट. दोन्हींत तुझ्या नाकानं काही बिघडवलेलं नाही.

आता उपचारांचं बोलते, कारण पैसे आणि चेहरा तुझा आहे.

फिलरनं नाक बारीक होत नाही. फिलर भरतात, काढत नाहीत. नाकाच्या दांड्यावर भरून तो उंच करतात, म्हणजे समोरून बघताना नाक अरुंद भासतं. हा भास टिकतो फार तर वर्ष-दीड वर्ष, पुष्कळदा त्याहून कमी. नाक ही फिलरसाठी चेहऱ्यातल्या सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक आहे. नाकावरच्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीशी जोडलेल्या असतात. सुई चुकून वाहिनीत गेली तर फिलर उलटा डोळ्यापर्यंत जातो आणि काही मिनिटांत दृष्टी जाऊ शकते. ती परत येईलच असं नाही. किंवा नाकाच्या शेंड्याची कातडी रक्त न मिळाल्यानं काळी पडून मरते. हे क्वचित होतं, पण होतं, आणि वैद्यकीय नियतकालिकांत असे पेशंट नोंदलेले आहेत. ह्यालुरॉनिक आम्लाचा फिलर असेल तर तो विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. ते त्या क्षणी, त्या खोलीत, ते द्यायला शिकलेल्या माणसाच्या हाताशी असलं पाहिजे. मुंबईहून संध्याकाळी गाडीत बसून तू घरी आलीस आणि रात्री नाक पांढरंफटक पडून दुखायला लागलं, तर तू कुठे जाणार आहेस? कोकणात राहणाऱ्या मुलीनं हा प्रश्न विचारायलाच हवा.

नाकपुड्या कमी करणं ही शस्त्रक्रिया आहे. गाल आणि नाकपुडी मिळतात तिथल्या खाचेतून छोटा तुकडा कापून काढतात. तो परत लावता येत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण काळा पडण्याची, काहींना जाड होऊन वर येण्याची शक्यता जास्त असते. गरजेपेक्षा जास्त कापलं तर श्वास कोंडतो. चांगल्या हातात हे काम सुंदर होतं, मी नाकारत नाही. पण नाकाची मोठी शस्त्रक्रिया केली तर शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. साखरपुड्याच्या तारखेवर डोळा ठेवून करायचं हे काम नव्हे.

हनुवटीबद्दल वेगळं सांगते. खालचा जबडा खरोखर मागे असेल तर दात मिटताना वरचे दात फार पुढे येतात, काहींना घोरण्याचा त्रास असतो. एकदा दातांच्या डॉक्टरांना, शक्यतो तारा बसवणाऱ्यांना, चावा कसा बसतो ते दाखव. तिथे काही निघालं तर ते उपचार करण्यासारखं आहे, आणि फिलरनं ते फक्त झाकलं जाईल. तसंच एक नाकपुडी कायम बंद राहात असेल, तोंडानं श्वास घ्यावा लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ही तपासणी रत्नागिरीतही होईल.

घरचं. आईला वाईट म्हणू नकोस. आधीची स्थळं मोडल्याचा घोर तिनं एकटीनं वाहिलाय, आणि दागिने कमी करायची तयारी हा तिच्या मायेचाच भाग आहे. तिला हे उत्तर वाचून दाखव, विशेषतः फिलरचं. मामीला मात्र एकदा सरळ सांग, शांतपणे, आणि सगळ्यांच्या देखत, कारण ती बोलते तेही सगळ्यांच्या देखतच: 'मामी, ती म्हण पुन्हा माझ्यासमोर नको.' एवढंच. ठाण्याच्या मुलानं तुला समोर बसून पाहिलंय, तो पुढे आलाय. त्याच्याशी बोलताना हा विषय टाळू नकोस. रिपोर्टबद्दल सांग आणि तो काय म्हणतो ते ऐक. त्यातून माणूस कळायलाही मदत होईल.

तू सारखं नाक बघत असतेस, हे वाचून मला काळजी वाटली. पुढचे तीन आठवडे समोरचा कॅमेरा वापरू नकोस. फोटो हवा असेल तर दुसऱ्याला पाच-सहा फुटांवरून काढायला सांग. तरीही दिवसातला तास-तासभर आरशात जात असेल, बाहेर पडावंसं वाटत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना भेट. असा एक त्रास असतो, त्यावर औषधं आणि समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतात, आणि त्या अवस्थेत केलेल्या शस्त्रक्रियेनं समाधान सहसा मिळत नाही.

लग्न होऊन वर्ष उलटलं, कुणी टोचत नाही, आणि तरी तुला स्वतःलाच नाक वेगळं हवं असं वाटलं, तर मी तुला अडवणार नाही. तेव्हा प्लास्टिक सर्जनकडे जा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. पदवी बघून. आपल्यासारख्या जाड कातडीच्या, रुंद नाकांवर केलेल्या शस्त्रक्रियांचे फोटो माग, वर्षानंतरचे. गुणांचा रिपोर्ट सोबत नेऊ नकोस. तुला काय खुपतं ते तुझ्या शब्दांत सांग, आणि मोजायचं काम त्यानंतर डॉक्टरांना करू दे. किती कापलं तर श्वास शाबूत राहील हे ठरवायला त्यांना माप लागेल.

क्लिनिकमधून फोन येतील, सवलत संपत आली म्हणतील. आगाऊ रक्कम भरली असशील तर पावती जपून ठेव आणि परताव्यासाठी लेखी मागणी कर. भरली नसशील तर फोन उचलायची गरज नाही. दातांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मात्र मला जरूर कळव.